दाब कमी केला, फेस वाढला

आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पण बिअरचा थेंब कधी जिभेला लावला नाही. त्यामुळे अमेरिकेत मिलवॉकीला मुलाकडे गेलो, तेव्हा तळघरातला तो वेगळा फ्रिज मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. त्यानंही माझ्यादेखत तो उघडला नाही. मिशिगन सरोवराकाठचं हे शहर जर्मन स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात बिअरसाठी नावारूपाला आणलेलं. तिथं घरी पिंप ठेवण्याचं कुणाला अप्रूप नाही. आमचं बोलणं मात्र हवापाण्यापलीकडे जात नव्हतं.

शुक्रवारी रात्री पाणी प्यायला उठलो, तर तळघरात दिवा. चिरंजीव बादलीत फेस ओतत उभे! रविवारी त्याचे मित्र जेवायला यायचे होते. मला पाहून तो ओशाळला.

‘‘बाबा, दाब कमी करत आणला, तरी फेस वाढतोच आहे.’’

‘‘पहिलाच पेला फेसाळतो की सगळे?’’

‘‘सगळेच.’’

पहिलाच असता, तर तोटीजवळची नळी गरम होत असेल, असं म्हणता आलं असतं. इथं दुखणं मुळातच होतं.

विल्यम हेन्रीचा १८०३ सालचा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आहे. ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल, हे त्यावरच्या दाबावर ठरतं. आणि द्रव जितका थंड, तितका तो वायू जास्त धरून ठेवतो. सोड्याची गरम बाटली उघडल्यावर काय होतं, ते आपण जाणतोच. दाब उतरवल्यामुळे बिअरमधला कार्बन डायऑक्साइड नळीतच सुटा होत होता. औषध म्हणून पोरगा रोगच वाढवत होता!

फ्रिजवरचा आकडा हवेचा. म्हणून पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवला. सकाळी पाहतो तर ४५ अंश फॅरनहाइट. ते ३८ वर आणायचं ठरलं आणि रेग्युलेटर चौरस इंचाला १२ पौंडांवर.

‘‘एवढ्या दाबानं बिअर उसळेल ना?’’

‘‘म्हणून नळी लांब घ्यायची.’’ चार फुटांच्या जागी तेवढ्याच बारीक व्यासाची दहा फूट नळी बसवली. लांब नळीच्या घर्षणात जोर जिरतो. मग दिवसभर पिंपाला हात लावायचा नाही, हे पथ्य.

रविवारी संध्याकाळी त्यानं पेला तिरपा धरला आणि तोटी पूर्ण उघडली. अर्धवट उघडली तरी फेस होतोच. सोनेरी बिअर, वर दोन बोटं फेस. पेला हातात घेऊन तो माझ्यासमोर घुटमळला.

‘‘अरे, घे,’’ मी म्हणालो.

सूनबाईनं माझ्या हातात लिंबू सरबत दिलं. त्या रात्री आम्ही बापलेक बारापर्यंत बोलत बसलो. अवघड विषय आला की बोलणंच कमी करायचं, हा माझा आजवरचा उपाय. तोही दाब उतरवण्याच्याच जातीचा होता, हे मला त्या तळघरात कळलं.