साडेछत्तीस ग्रॅम मीठ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन्ही तालुके समुद्रापासून बरेच आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. इथे घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे तर समुद्र विकतच्या मिठातून घडवावा लागतो. खाडीवरून कॅन भरून आणणे सोपे वाटते, पण ते पाणी फसवे. काळू, भातसा, मुरबाडी या नद्या इथला पाऊस उल्हासमध्ये नेतात आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीत उतरते. श्रावणात ती खाडी गोडी होते ती याच डोंगरांवरच्या पाण्याने. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हा आकडा पावसाप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे हलत राहतो. तेव्हा पाणी घरीच कालवायचे, आणि मग प्रश्न येतो तो मोजण्याचा. माझे म्हणणे असे की मापाचा खरेपणा उपकरणाच्या किमतीवर ठरत नाही, ते उपकरण कशाशी ताडून पाहिले यावर ठरतो.

समुद्रशास्त्रही याच वाटेने जाते. १९७८ च्या मानकानुसार समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता एका ठरीव द्रावणाशी ताडली जाते. एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि तापमान १५ अंश सेल्सिअस. दोघांची वाहकता सारखी भरली की खारेपणा ३५. जगभरातल्या मोजणीमागे शेवटी हे एक द्रावण उभे आहे.

घरी बहुतेकजण रिफ्रॅक्टोमीटर वापरतात; पाण्यात प्रकाश किती वाकतो यावरून ते खारेपणा दाखवते. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण टेकवायचे, बुडबुडा राहिला नाही ना ते पाहायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि उजेडाकडे धरून निळा रंग पट्टीवर कुठे संपतो ते वाचायचे. अडचण पट्टीतच असते. बाजारातली अनेक उपकरणे साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेटही असते, त्यामुळे प्रकाश थोडा वेगळा वाकतो. ३५ चे समुद्राचे पाणी त्या पट्टीवर सुमारे ३६.५ दिसते. म्हणजे पट्टीवर ३५ वाचून जो निश्चिंत होतो, त्याच्या टाकीत प्रत्यक्षात साडेतेहेतीसच्या आसपास असते.

यावर कोणी म्हणेल, डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवले की झाले. नाही होत. रिकाम्या तराजूची दांडी सरळ राहिली म्हणून वजने खरी ठरत नाहीत. जिथे मोजायचे तिथेच तपासायला हवे, आणि त्यासाठी तयार द्रावणाची महाग बाटलीही लागत नाही. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी एकत्र केले की ते ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश वाकवते. त्या द्रावणावर उपकरणाचा स्क्रू फिरवून पट्टी ३५ वर आणायची. मात्र वजनात हयगय चालत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की निकालात जवळजवळ एक एककाची चूक शिरते. दशांश दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला काटा हवा. मीठही कोरडे हवे. इथल्या पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर होते आणि मिठाच्या भावात आपण पाणीच मोजतो. ते आधी तव्यावर परतून, गार करून मगच तोलावे.

दुसरा आक्षेप असा की उपकरणात तापमानाची सुधारणा आपोआप होते. होते, पण बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच. मुरबाडच्या वैशाखात घरातली भिंतसुद्धा तीस अंशांच्या वर तापते. तेव्हा पहाटेच्या गारव्यात मोजावे, आणि पडताळणीचे द्रावण उपकरणाशेजारीच ठेवावे, म्हणजे दोघे एकाच तापमानाला येतात. पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर इथे कामाचे नाही. बहुतेकांची मजल लिटरमागे दहा हजार मिलिग्रॅमपर्यंतही जात नाही आणि समुद्राचे पाणी पस्तीस हजारांच्या घरात असते.

सर्वात वजनदार आक्षेप निराळाच आहे: मासे एवढा फरक सहज सोसतात, मग ही काटेकोरता कशाला? मासे सोसतात हे खरे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी तर दिवसभरात खारे-गोडे दोन्ही पाहते. माशाचे शरीर जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकते. पण तारामाशाला ती सोय नाही; त्याच्या अंगातला द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारा असतो. तिथे एकदम झालेला बदल थेट पेशींपर्यंत पोचतो.

शिवाय टाकीतला आकडा स्वस्थ बसत नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतले तीन लिटर उडाले की ३५ चे ३६ होतात, म्हणून वरून घालायचे ते गोडे पाणीच. पण गोडे म्हणजे कोणते? बोअरवेलच्या पाण्याचा टीडीएस ५०० असेल तर प्रत्येक लिटरबरोबर अर्धा ग्रॅम क्षार आत येतात आणि ते कधी उडून जात नाहीत. रोज एक लिटर घातले आणि टाकीतले पाणी बदललेच नाही, तर वर्षाला १८० ग्रॅमच्या वर भर पडते, म्हणजे १०० लिटरच्या टाकीत लिटरमागे जवळजवळ दोन ग्रॅम. ही वाढ महिन्याला एककाच्या सहाव्या भागाएवढी असते. ती डोळ्याला दिसत नाही, माशाच्या वागण्यातही नाही. दर महिन्याला साडेछत्तीस ग्रॅमच्या त्या बाटलीशी ताडून घेतलेल्या पट्टीवर मात्र काही महिन्यांत ती रेघ वर सरकलेली दिसते.