टेक्सास वेस्टर्नची ताकद कोणी ओळखली?

१९६६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा तोंडावर आली, तेव्हा टेक्सास वेस्टर्न कॉलेजचे २३ विजय होते आणि पराभव एकच. तोही शेवटच्या सामन्यात, सिएटलकडून, अवघ्या दोन गुणांनी. बचाव ही या संघाची मोठी जमेची बाजू. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी तो मुलांकडून घाम गाळून घोटून घेतला होता. डेव्हिड लॅटिनची ताकद आणि बॉबी जो हिलची चपळाई होतीच.

परंतु प्रमुख सातही खेळाडू कृष्णवर्णीय! अशांना शिस्त नसते, दडपण आले की ते कोसळतात, असा अनेक गोऱ्यांचा ठाम समज. याला खेळाची पारख कोण म्हणेल?

खरी अडचण अंतिम सामन्यात होती. केंटकीचा संघ सगळा गोरा आणि भलताच वेगवान. हॅस्किन्स यांनी उंच नेव्हिल शेडला सुरुवातीला बाहेर बसवून ५ फूट ६ इंचांच्या विली वर्स्लीला उतरवले. पाचही खेळाडू कृष्णवर्णीय. हिलने लागोपाठ दोनदा चेंडू हिसकावून गुण मिळवले. निकाल ७२-६५. आणि दडपणाचे म्हणाल, तर टेक्सास वेस्टर्नने त्या दिवशी ३४ पैकी २८ फ्री थ्रो टोपलीत घातले.