उंची थांबली, मग इंजेक्शनही थांबवायचं का?

या वेळच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली ‘म्हणजे’ आणि ‘ना’ यांची गर्दी थोडी कमी केलीय, बाकी तसंच आहे.

ग्रोथ हार्मोन म्हटलं की पहिलं नाव निघतं मेस्सीचं. लहानपणी त्याच्या शरीरात हे हार्मोन कमी पडत होतं, तो रोज पायात इंजेक्शन घ्यायचा, बार्सिलोना क्लबने खर्च उचलला वगैरे. गोष्ट खरी आहे, पण ती सांगताना सगळे उंचीपाशी येऊन थांबतात. मला बोलायचंय ते तिथून पुढचं. मुलगा सतरा-अठराचा झाला, उंची वाढायची थांबली, इंजेक्शन बंद झालं. मग? हार्मोनची कमतरता तर कदाचित होती तिथेच आहे!

आधी थोडं बेसिक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, मराठीत पीयूषिका. ती हे हार्मोन सोडते, जास्त करून रात्री गाढ झोपेत. त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं आणि दोघं मिळून हाडं वाढवतात. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पट्टे असतात, उंची तिथे वाढते. वयात आल्यावर ते पट्टे बंद होतात. त्यानंतर कितीही इंजेक्शनं घ्या, उंची वाढत नाही. (जिममध्ये कोणी वेगळं सांगत असेल तर सरळ दुर्लक्ष करा.)

पण हाड लांब होणं वेगळं आणि हाड भरणं वेगळं. उंची थांबल्यावरही विशीच्या मध्यापर्यंत हाडांत कॅल्शियम जमा होत राहतं. तेव्हा जेवढं साठलं तेवढी पुंजी, पुढे वयाबरोबर ती खर्चच होत जाते. शिवाय या हार्मोनची कामं इतरही आहेत: स्नायू टिकवणं, पोटाभोवतीची चरबी आटोक्यात ठेवणं, कोलेस्टेरॉल. खरोखर कमतरता असलेल्या तरुणाचं औषध अठराव्या वर्षी तुटलं, तर हे सगळं हळूहळू बिघडू शकतं. हळूहळू, म्हणून लक्षात येत नाही. घरचे म्हणतात, कॉलेजला गेल्यापासून आळशी झालाय.

मग सगळ्यांनीच चालू ठेवायचं का? अजिबात नाही, आणि इथेच खरी मजा आहे. लहानपणी फक्त ग्रोथ हार्मोन कमी निघालेलं, एमआरआय नॉर्मल, कारण सापडलेलं नाही, अशा बऱ्याच मुलांची मोठेपणी पुन्हा टेस्ट केली तर ती नॉर्मल येते! म्हणून उंची पूर्ण झाल्यावर इंजेक्शन एक ते तीन महिने थांबवून फेरतपासणी करतात.

ही तपासणी साध्या रक्ताच्या एका नमुन्यावर होत नाही. हार्मोन झटक्याझटक्याने सुटतं, त्यामुळे दिवसा कधीही रक्त घेतलं तर निरोगी माणसातही ते जवळपास शून्य दिसू शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लोड टाकल्याशिवाय त्याची क्षमता कळत नाही. शरीरावर टाकायचा लोड म्हणजे इन्सुलिन. ते देऊन रक्तातली साखर मुद्दाम ४० मिलिग्रॅमच्या खाली आणतात. हा शरीराला धक्का असतो, आणि चांगली पिट्यूटरी त्यावर भरपूर हार्मोन सोडते. घाम, थरथर, डॉक्टर शेजारी उभे. फिट्स येणाऱ्यांना किंवा हृदयविकार असणाऱ्यांना ही टेस्ट करत नाहीत, त्यांच्यासाठी ग्लुकागॉनची टेस्ट आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसिमोरेलिन नावाच्या, तोंडाने घ्यायच्या औषधाच्या टेस्टलाही मान्यता मिळाली.

निकष पण बदलतात. लहान मुलांत हार्मोनचा उच्चांक साधारण ७ ते १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, प्रौढांत ही रेषा ३ च्या आसपास येते. म्हणजे जुन्या रिपोर्टवर ‘डेफिशियंट’ लिहिलंय एवढ्यावरून आजचा निर्णय होत नाही. ज्यांची पिट्यूटरीची तीन किंवा जास्त हार्मोन्स कमी आहेत आणि आयजीएफ-१ ही कमी आहे, किंवा ज्यांचं कारण जनुकीय आहे, त्यांना मात्र सहसा फेरतपासणी लागत नाही.

टेस्टमध्ये कमतरता पक्की झाली, तर इंजेक्शन पुन्हा सुरू. पण डोस वेगळा! मुलांना वजनावर देतात, दर किलोला रोज २५ ते ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या मुलाला दीड ते तीन मिलिग्रॅम. तरुणांना सुरुवातीला साधारण ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम पुरतं, मग आयजीएफ-१ बघून कमी-जास्त करतात. खर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्या आपल्याकडच्या घरांनी हा आकडा जरूर विचारावा, कारण बरेच पालक जुन्याच बिलाचा हिशोब डोक्यात धरून ‘नको’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये नाइस या सरकारी संस्थेने २००३ मध्ये नियमच केला: पंचविशीच्या आतल्या, उंची पूर्ण झालेल्या आणि फेरतपासणीत गंभीर कमतरता निघालेल्यांना हाडं पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण २५ व्या वर्षापर्यंत औषध द्यायचं. त्यापुढे चालू ठेवायचं की नाही, याचे निकष वेगळे. हाडांच्या फायद्याबद्दल सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही, हेही सांगतो. पण अठराव्या वर्षी न तपासताच बंद करणं मला तरी पटत नाही.

दुष्परिणाम? अंगावर सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या. डोस कमी केला की बहुतेक वेळा जातात. साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. कॅन्सर सक्रिय असेल तर हे औषध देत नाहीत. आणि ते सुरू झाल्यावर थायरॉइड किंवा कॉर्टिसोलची लपलेली कमतरता उघडी पडू शकते, म्हणून तेही तपासतात.

गडबड खरी होते ती मधल्या काळात. बालरोगाचे डॉक्टर सुटतात, मोठ्यांचे अजून भेटलेले नसतात, मुलगा दुसऱ्या शहरात, औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि हॉस्टेलच्या खोलीत फ्रिज नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायचं सोमापॅसिटान अमेरिकेत २०२० मध्ये प्रौढांसाठी मंजूर झालंय, पण डॉक्टर बदलण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. तेव्हा जुनी फाइल बंद होण्याआधी तीन कागद मागून घ्या: पहिल्या टेस्टचे आकडे, एमआरआयचा रिपोर्ट आणि उंचीचा तक्ता. नवे एंडोक्रिनॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत हेच विचारतील.