दुर्मीळ चहाचे गाव

वैतरणा स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या हाती जो चहा असतो, त्यात दूध, साखर, आले आणि परसातल्या गवती चहाची पात यांचीच चव पुढे असते. चहाच्या पानाची मागे राहते. ते पान कोठले, कोणी खुडले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. चीनमध्ये मात्र याच प्रश्नाचे उत्तर शोधत दर वसंतात व्यापारी आणि रसिक शेतकऱ्यांच्या दारी डोंगर चढून जातात.

खुद्द ‘चहा’ हा शब्दही तिकडचाच. हिंदीतील ‘चाय’ खुष्कीच्या मार्गाने फारशीतून आली. मराठी रूप मात्र पोर्तुगीज शब्दाच्या अधिक जवळचे आहे. वसईपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, हे लक्षात घेता हे साम्य कुतूहल वाढवणारे आहे.

हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन निरनिराळी झुडपे, अशी युरोपीयांची दीर्घकाळ समजूत होती. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाने ती प्रत्यक्ष पाहणीने खोडून काढली. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला चहाची रोपे मिळवण्यासाठी चीनमध्ये पाठवले, तेव्हा चिनी वेष धारण करून तो आतल्या प्रदेशात शिरला. झुडूप एकच, फरक केवळ पाने सुकवण्या-भाजण्याचा, हे त्याने पाहिले. परदेशी ग्राहकांसाठीचा हिरवा चहा अधिक हिरवा दिसावा म्हणून त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळताना त्याने पाहिले, ते वेगळेच! त्याने पाठवलेली रोपे पुढे हिमालयाच्या पायथ्याशी रुजली. याला शोध म्हणावे की चोरी, हे ज्याने त्याने ठरवावे.

झुडूप एकच असेल, तर दुर्मीळ चहा कशाने दुर्मीळ होतो? फूच्येन प्रांतातील वूयी डोंगर याचे उत्तम उदाहरण होय. तेथे कड्यांच्या कपारींत, मुरमाड जमिनीत चहा वाढतो. पाने बांबूच्या सुपांत झुलवून त्यांच्या कडा किंचित चुरगाळतात, रंग हवा तसा उतरला की कढईत भाजतात, मळतात आणि शेवटी कोळशाच्या मंद धगीवर शेकतात. कोठे थांबायचे, हे शेतकरी वासावरून ओळखतो. येथील ‘ता हुंग फाव’ची सहा मूळ झाडे प्रसिद्ध आहेत. त्यांची अवघी २० ग्रॅम पत्ती २००२ मध्ये १,८०,००० युआनला विकली गेली. २००६ पासून त्या झाडांची खुडणी बंद आहे. बाजारात आज त्या नावाने मिळणारा चहा त्यांच्या कलमांचा किंवा निरनिराळ्या पानांच्या मिश्रणाचा असतो. त्यातला काही उत्तमही असतो. पण नाव आणि वस्तू यांची फारकत येथूनच सुरू होते.

नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात ही फारकत अधिक तीव्र झाली. तेथील काही डोंगरांवर चहा झुडपांवर नव्हे, तर जंगलाच्या सावलीत वाढलेल्या जुन्या वृक्षांवर खुडतात. ब्लांग आणि ताय समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चिंगमाय डोंगरावरील अशा चहावनांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. या पानांचा ‘फू अर’ चहा चकत्यांत दाबून वर्षानुवर्षे मुरवतात. जुना तो महाग, एवढे कळताच सट्टेबाज धावले. भाव आकाशाला भिडले आणि २००७ मध्ये कोसळले. पुढच्याच वर्षी चीनने भौगोलिक निर्देशांकाच्या नियमांनी या नावाला कुंपण घातले. लाव पान चांग या गावाचे पान इतके महागले, की हंगामात बाहेरची पाने आत आणून गावाच्या नावाने विकली जाऊ नयेत म्हणून ग्रामस्थांनी वेशीवर नाका उभारला. शेतमाल बाहेर जाऊ नये म्हणून पहारा ठेवणारी गावे पुष्कळ. आत येऊ नये म्हणून ठेवणारे हे विरळाच.

वैतरणेच्या खोऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. वाडा तालुक्यातील कोलम अर्थात झिनी तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर पालघरजवळच्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये. वाडा कोलमचे नाव मात्र त्याआधीच दूरवर गेले होते आणि त्या नावाने भलत्याच प्रांतांतला तांदूळ खपत होता. खरा कोलम कमी उतारा देणारा आणि पावसावर अवलंबून. नकली माल स्वस्तात मिळाला, तर तो पिकवणाऱ्याने भाताऐवजी जमीनच का विकू नये? मानांकनाचे कागद नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला नावाचा हक्क देतात. पण मुंबईच्या दुकानात पोते उघडून पाहणारा नाका त्यात नाही. तेथे गावाचे आणि पिकवणाऱ्याचे नाव ग्राहकालाच विचारावे लागते, आणि दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर पोते पुन्हा एकदा निरखून पाहावे लागते.