वाफेची विद्या

शस्त्रक्रिया नीट पार पडली की आभार डॉक्टरांचे मानले जातात, आणि ते मानायलाच हवेत. पण त्यांच्या हातातला चिमटा काल दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तात माखलेला होता. मधल्या काळात कोणीतरी तो घासला, भिंगाखाली तपासला, बांधला आणि वाफेतून काढला. मोठ्या रुग्णालयांत हे काम करणाऱ्या विभागाला सीएसएसडी म्हणतात. लहान रुग्णालयात कोपऱ्यातला एक ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि तो चालवणारी एक व्यक्ती एवढाच काय तो विभाग. या व्यक्तीचं शिक्षण आपण फारसं मनावर घेत नाही. ते कसं द्यावं याचा धडा मात्र शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये चाळीस वर्षांपासून गिरवला जातो आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, आणि त्या कामाचा गावाला खराखुरा उपयोग झाला पाहिजे, हे तिथलं सूत्र. शाळा सुटलेली मुलं इथल्या निवासी अभ्यासक्रमात वर्षभर वेल्डिंग, शेती, वीज यांबरोबरच गृह-आरोग्यही शिकतात. निर्जंतुकीकरणाचा तंत्रज्ञ घडवणारा हा अभ्यासक्रम नव्हे. पण त्या तंत्रज्ञाला जे लागतं, म्हणजे यंत्राची जाण आणि ‘असं का?’ विचारण्याची सवय, ते नेमकं याच वाटेने येतं.

साधा कुकरच घ्या. शिट्टी लावण्याआधी वाफेचा झोत बाहेर येऊ द्यावा, हे घरोघरी माहीत असतं. आतली हवा निघून जावी म्हणून ते करायचं. १६७९ मध्ये पापँने दाबाखाली शिजवणारं भांडं केलं आणि १८७९ मध्ये शाम्बरलाँने ऑटोक्लेव्ह. दोन्हींमागचं तत्त्व एकच. दर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाबाखाली वाफ १२१ अंश सेल्सिअसला पोचते. आत हवा अडकली, तर दाबाचा काटा बरोबर दिसतो, पण तापमान तिथवर पोचत नाही. म्हणूनच हवा खेचून घेणाऱ्या यंत्रांत रोज सकाळी आधी फक्त चाचणीचं गाठोडं ठेवून फेरी करतात. त्या गाठोड्यामधल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला, तरच दिवसाचं काम सुरू होतं. हे कारण कळलेला माणूस घाईतही ती फेरी चुकवणार नाही. नुसती बटणं पाठ केलेला चुकवील.

यंत्र स्वयंचलित असताना इतक्या शिक्षणाची गरज काय, असं कोणी विचारील. पण यंत्रापर्यंत जाण्याआधीच निम्मी लढाई झालेली असते. चिमट्याच्या सांध्यात वाळलेलं रक्त राहिलं, तर त्याच्या आड जंतू वाफेतूनही वाचू शकतात. म्हणून चिमटा उघडून, पाण्याखाली धरून घासायचा. नाहीतर शिंतोडे उडतात. अवजारांच्या गाठोड्यावरच्या पट्टीवर रेघा उमटल्या, म्हणजे ते वाफेतून गेलं एवढंच कळतं. जंतू मेले की नाही, हे उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी आत ठेवूनच तपासावं लागतं. आणि गाठोडं ओलं निघालं, तर ते परत पाठवण्याची हिंमत यंत्रात नसते, माणसात असते.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: खेड्यातल्या कार्यशाळेत रुग्णालयाचं काम कसं शिकवणार? पूर्ण नाहीच शिकवता येणार. अमेरिकेतही एचएसपीए या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षेच्या जोडीला ४०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. पण दाब, तापमान, स्वच्छता, नोंदवही यांचा पाया शाळेतच घालता येतो. विज्ञान आश्रमाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारला आहे, आणि त्यात मुलं हिमोग्लोबिन नि रक्तगट तपासायला शिकतात. त्याच्या शेजारी ऑटोक्लेव्हचा पाठ सहज बसेल. पुढचे तास जवळच्या रुग्णालयाने द्यावेत.

राहिला मानाचा प्रश्न. ‘भांडी घासण्याचं काम’ म्हणून या नोकरीकडे पाहिलं जातं, आणि पगारही त्याच नजरेने ठरतो. हात आणि बुद्धी यांची अशी फारकत पाबळने कधीच मान्य केली नाही. रुग्णालयांनीही ती मोडायला हवी, कारण गाठोडं परत पाठवणाऱ्याचा शब्द ऐकला जाईल तेव्हाच रुग्ण सुरक्षित राहील.