छपरावरची छत्री आणि पेटीचा खर्च

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातला तालुका. पैनगंगा ओलांडली की पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. गोंड आणि कोलाम समाजाची इथे मोठी वस्ती आहे. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. पोडे मूळ गावापासून दूर, विखुरलेली असतात.

अशा गावातून फिरताना छपरांवरच्या दूरचित्रवाणीच्या छत्र्या नीट पाहा. एकही घरगुती छत्री उत्तरेकडे तोंड करून नसते. सगळ्या दक्षिण आणि पूर्व यांच्या दरम्यान कुठेतरी पाहत असतात. मुलांना विचारले, तर बहुतेक जण सांगतील, 'मेकॅनिकने तशी लावली म्हणून.' उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. मेकॅनिकला ती दिशा कोणी सांगितली? आणि छत्रीखालच्या पेटीचे पैसे कोणी द्यायचे? पहिला प्रश्न भूमितीचा आहे, दुसरा हिशोबाचा. आम्हाला वाटते, दोन्ही वर्गात घेण्यासारखे आहेत.

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या सेवेची छत्री घेऊ. या सेवेला महिन्याची वर्गणी नाही. छत्री आणि पेटी एकदाच विकत घ्यावी लागते. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. या उंचीवरच्या उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका परिवलनाएवढ्याच वेळात होते, म्हणून तो आपल्याला स्थिर भासतो. झरी जामणी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. त्रिकोणमितीने हिशोब केला, तर उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ३८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन मुले ही दिशा स्वतः शोधू शकतात. छत्री मात्र ६१ अंशांपेक्षा बरीच उभी दिसेल. तिचा वाडगा एका बाजूने कापल्यासारखा असतो आणि तिरप्या आलेल्या लहरी तो पुढच्या दांडीवरच्या ग्राहकाकडे वळवतो.

पूर्वी हे सारे लागत नव्हते. १९८४च्या सुमारास देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने वाढले. छपरावर साधा अँटेना उभा केला की चित्र दिसू लागे. अंतर वाढले किंवा टेकडी आडवी आली, तर चित्रावर मुंग्या येत, पण बातम्या ऐकू येत. ही पद्धत अ‍ॅनालॉग. तिची जागा डिजिटल म्हणजे अंकीय पद्धतीने का घेतली, हे समजण्यासाठी एक खेळ करा.

दहा मुलांना ओळीने बसवा. पहिल्याला एक वळणदार रेघ दाखवा. ती पाहून त्याने कागदावर काढावी, दुसऱ्याने त्याची पाहून काढावी, असे शेवटपर्यंत चालू द्या. दहावी रेघ पहिलीसारखी राहत नाही. प्रत्येकाची लहानशी चूक पुढे जाते आणि साठत जाते. आता आलेखाच्या कागदावर काही चौकोन काळे करून तोच खेळ पुन्हा करा. एखादा चौकोन अर्धवट रंगला, तरी पुढचा मुलगा 'हा काळाच' असे ओळखून पूर्ण काळा करतो. चूक तिथेच पुसली जाते. हीच अंकीय संदेशाची ताकद. पण चौकोन इतका पुसट झाला, की काळा की पांढरा हे ठरवताच येईना, तर अंदाज पार चुकतो. म्हणून अंकीय चित्र हळूहळू बिघडत नाही. ते एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसते, मग त्याचे ठोकळे पडतात आणि शेवटी ते नाहीसे होते. पावसाच्या जोरदार सरीत उपग्रहाचे चित्र अचानक जाते, ते यामुळेच. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असल्याने पावसाचे थेंब त्यांना बरेच क्षीण करतात.

दुसरा लाभ जागेचा. आपल्याकडे एका अ‍ॅनालॉग वाहिनीला ७ ते ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागे. एका चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू, सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक बिंदूला १६ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लाख बिट होतात. पण लागोपाठच्या चित्रांत बराचसा भाग तोच असतो. केवळ बदल पाठवला आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळले, की साधारण चाळिसाव्या हिश्श्यात काम भागते. मग एका वाहिनीच्या पट्ट्यात पाच-सहा किंवा त्याहून अधिक वाहिन्या बसतात. उरलेला पट्टा दुसऱ्या कामाला, मुख्यतः मोबाइलला देता येतो.

इथे हिशोबाचा प्रश्न उभा राहतो. पट्टा मोकळा झाल्याचा लाभ सरकारला आणि कंपन्यांना होतो. प्रक्षेपक चालवण्याचा खर्च वाचतो, तो प्रसारण संस्थेचा. पण जुना संच नव्या संदेशाला बहिरा असतो. त्याला पेटी लागते आणि तिचा खर्च घरावर पडतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा असेल, तर खर्च करणाऱ्याला लाभातला वाटा द्यायला हवा. पेटीसाठीचे अनुदान हा असा वाटा आहे, त्याला दान म्हणणे बरोबर नाही.

अमेरिकेने हे काही प्रमाणात मान्य केले. तिथे मोकळ्या होणाऱ्या पट्ट्याच्या २००८च्या लिलावात सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले. घरटी दोन, प्रत्येकी ४० डॉलरच्या कूपनांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले होते. तेही अपुरे पडले. २००९च्या जानेवारीत कूपनांसाठी प्रतीक्षायादी लागली आणि जुने प्रक्षेपण बंद करण्याची तारीख १७ फेब्रुवारीवरून १२ जूनवर गेली. ब्रिटनने ७५ वर्षांवरील आणि अपंग व्यक्तींना पेटी तर दिलीच, शिवाय घरी जाऊन ती बसवून देण्याची सोय केली. मेक्सिकोने २०१५च्या अखेरीस जुने प्रक्षेपण थांबवण्यापूर्वी गरीब कुटुंबांना सुमारे एक कोटी नवे संच वाटले.

आपल्याकडे वाट निराळी होती. केबलचे अंकीकरण २०१२मध्ये महानगरांपासून सुरू झाले. २०१३मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांची पाळी आली आणि २०१७च्या मार्चअखेर ग्रामीण भागाची मुदत संपली. पेटीचा भार मुख्यतः ग्राहकावरच राहिला. दूरदर्शनने मोजके प्रक्षेपक वगळता बाकीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२पर्यंत बंद करण्याचे ठरवले. सीमाभागात आणि दुर्गम भागात त्याआधीही थोड्या पेट्या फुकट वाटल्या गेल्या होत्या. पण मोठी तरतूद आली ती जानेवारी २०२३मध्ये. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने प्रसारण-सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिची मुदत २०२५-२६पर्यंत होती. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेलगतच्या भागांत, तसेच आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश पेट्या मोफत देण्याचे तिच्यात ठरले. म्हणजे दार आधी बंद झाले आणि किल्ली मागून आली. क्रम उलटा हवा होता.

क्रमाला एवढे महत्त्व का, हे २०२०मध्ये दिसले. शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागत असे. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, त्या घरात दूरचित्रवाणी हाच वर्ग होता. आणि जिथे चित्रच पोचत नव्हते, तिथे तोही नव्हता.

पेटी मिळाल्याने सारे सुटते असेही नाही. छत्री दोन-तीन अंशांनी सरकली, तरी चित्र जाते. ती पुन्हा लावायला शहरातून माणूस बोलवायचा, तर एक दिवसाची मजुरी जाते. इथे शाळा थेट उपयोगी पडू शकते. आठवी-नववीच्या मुलांनी होकायंत्र आणि कोनमापक घेऊन आपल्या गावातल्या आणि पोडातल्या छत्र्यांच्या दिशा मोजाव्यात. ज्यांचे चित्र येत नाही, त्यांची दिशा ३८ अंशांच्या जवळ आहे का, झाड किंवा भिंत आड येते का, हे पाहावे. मात्र छपरावर मोठ्यांनीच चढावे, मुलांनी खालून कोन सांगावा. पुढच्या तासाला फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात या बदलाने कोणाचे काय वाचले ते लिहावे, दुसऱ्यात कोणाला काय खर्च आला ते. दोन्ही रकान्यांत तीच नावे येतात का, हे मुलांनीच तपासावे.