विभूतिपूजेचा धोका

गुणवंतांविषयी आदर वाटणे हे निरोगी मनाचे लक्षण होय. ज्याला कोणीच थोर वाटत नाही, त्याची वाढ खुंटली असे खुशाल समजावे. परंतु आदराचे रूपांतर पूजेत झाले, की विचार थांबतो आणि ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ ही वृत्ती बळावते. तिच्यामुळे पूजकाचीच नव्हे, तर पूज्य पुरुषाच्या कार्याचीही हानी होते. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ह्याचे एक बोधप्रद उदाहरण आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा एक थोर ग्रीक वैद्य होऊन गेला. धमन्यांतून हवा नव्हे, तर रक्त वाहते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. मानवी शवाचे विच्छेदन त्या काळी निषिद्ध होते. म्हणून त्याने माकडे, डुकरे इत्यादी प्राण्यांची शरीरे तपासली आणि त्यांवरून मनुष्याच्या शरीराविषयी अनुमाने बांधली. त्यांतील काही चुकली, ह्यात नवल नाही. केवळ ग्रंथांवर विसंबू नका, स्वतः पाहा, असे तोच सांगत असे.

अनुयायांनी मात्र त्याचे निष्कर्ष देव्हाऱ्यात बसविले आणि त्याची पद्धती टाकून दिली. पुढे युरोपातील विद्यापीठांत मानवी शवाचे विच्छेदन सुरू झाले, तेव्हाही अध्यापक उच्चासनावर बसून ग्रंथ वाची आणि शव चिरण्याचे काम खाली उभा असलेला न्हावी करी. डोळ्यांसमोरचे शव ग्रंथाशी जुळले नाही, तरी ग्रंथावर कोणी सहसा शंका घेत नसे. अशी सुमारे तेराशे वर्षे लोटली.

इ. स. १५३७ मध्ये इटलीतील पादुआ येथे व्हेसेलियस हा तरुण प्राध्यापक झाला. त्याने शस्त्र स्वतःच्या हाती घेतले. खालच्या जबड्याची हाडे दोन, असे गेलनने लिहिले होते. व्हेसेलियसला मनुष्यात एकच आढळले. छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग गेलनने सांगितले होते. प्रत्यक्षात तीनच निघाले. हे सारे त्याने १५४३ मध्ये सचित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तो गेलनचा द्वेष्टा नव्हता. गेलनच्या ग्रंथांच्या १५४१ च्या आवृत्तीसाठी त्यानेच संपादनाचे श्रम घेतले होते.

तरीही त्याचे पॅरिसमधील गुरू सिल्व्हियस खवळले. १५५१ मध्ये त्यांनी शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला वेडा ठरविले. गेलन चुकलेला नाही, त्याच्यानंतर मनुष्याचे शरीरच बदलले असावे, असा त्यांचा युक्तिवाद होता! विद्वान मनुष्यही पूजेच्या भरात कोठवर जातो, ते ह्यावरून दिसते. सिल्व्हियसांनी गेलनचे शब्द जपले. व्हेसेलियसने त्याचा शोधक बाणा जपला. ह्या दोघांत गेलनचा खरा शिष्य कोण?

हा धोका शास्त्रापुरताच नाही. राजकारणात तो अधिक भयंकर होतो, कारण तेथे एकाच्या चुकीचे फळ सर्वांना भोगावे लागते. दि. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आदर आणि अंधभक्ती ह्यांतील भेद उलगडून दाखविला. आदरात स्वतंत्र बुद्धी शाबूत राहते, अंधभक्तीत ती गहाण पडते. पुढे दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात त्यांनी असा इशारा दिला, की धर्मातील भक्ती आत्म्याला मोक्षाप्रत नेईलही, पण राजकारणातील भक्ती ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट होय.

विद्यार्थिमित्रहो, आपण थोरांची चरित्रे अवश्य वाचावी आणि त्यांच्या तसबिरीही भिंतीवर लावाव्या. मात्र त्यांचे एखादे मत पटले नाही, तर तसे नम्रपणे आणि पुराव्यासह सांगण्याचे धैर्य अंगी बाणवावे. तसेच कोणी आपल्या आवडत्या पुरुषाची चूक दाखविली, तर चिडण्यापूर्वी त्याचा पुरावा पाहावा. थोरांनी आपली बुद्धी चालविली म्हणून ते थोर झाले. आपण आपली चालविणे हाच त्यांचा खरा सन्मान आहे.